नारळाखालचे फोटो

"आमची सून तुमच्याकडं परत लग्नाला उभी आहे का?"

फोनवरच्या बाई इतक्या तारस्वरात विचारत होत्या की रिसीव्हर वैजूताईंच्या कानाला असूनही मला शब्दन्शब्द ऐकू येत होता.

"तीन वर्षं झाली हो लग्नाला! नातू दीड वर्षाचा आहे. आणि आज माझ्या जावेनं इस्लामपुरातून फोन करून सांगितलं, तुझ्या सुनेचा फोटो साईटवर झळकतोय म्हणून. खाली लिहिलंय, अपेक्षा: निर्व्यसनी आणि स्वतःचं घर. आमचं घर काय भाड्याचं आहे?"

"बघते मावशी, पाच मिनिटांत बघते," म्हणून वैजूताईंनी फोन ठेवला. मग चष्मा नाकावर खाली घेऊन त्या माझ्याकडे वळल्या.

"अवधूत. साईटला काय केलंस?"

"काही नाही. अपडेट केलं."

"कशाचं?"

"फोटोंचं."

त्यांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. पहिल्या पानावर बारा चेहरे होते, बाराच्या बारा हसत होते. एरवी त्यातल्या सात-आठांच्या जागी नारळ असायचा.

"नारळ कुठं गेले?" वैजूताई म्हणाल्या.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. सांगलीत हरभट रोडला, एका चिवड्याच्या दुकानाच्या वर, पाटणेकाकूंचं वधू-वर सूचक केंद्र होतं. काकू मालकीण, वैजयंता आवटी म्हणजे वैजूताई तिथल्या सर्वेसर्वा, आणि मी त्यांच्या वेबसाईटची देखभाल करणाऱ्या पुण्याच्या एका छोट्या कंपनीचा सांगलीतला एकमेव प्रतिनिधी. वय पंचवीस. मला स्वतःबद्दल फार बरं मत होतं, आणि त्याला आधार असा काहीच नव्हता.

केंद्र चालू झालं तेव्हा वेबसाईट वगैरे काही नव्हतं, जाडजूड अल्बम होते. एखाद्याचं लग्न ठरलं की त्या नावावर काट मारायची, असं कुणीही करेल. काकूंना ते मंजूर नव्हतं. शुभकार्यात काट मारायची नाही, हा त्यांचा नियम. म्हणून लग्नाची पत्रिका हातात आली की तिच्यावरचा कलश-नारळ कात्रीने कापायचा आणि अल्बममधल्या फोटोवर चिकटवायचा. नारळ म्हणजे जमलं. मग वेबसाईट आली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने प्रत्येक नावासमोर एक चौकट करून दिली. टिक करा, 'विवाह ठरला' असं आपोआप येईल. काकू म्हणाल्या, "टिक गणिताला करतात. लग्नाला टिक?" आणि पत्रिकेतला एक छान नारळ स्कॅन करून तोच वैजूताईंकडून सगळीकडे फोटोवर चढवून घेतला.

फोटोंचं सगळं काम एक प्लगिन करायचं. प्लगिन म्हणजे मूळ साईटला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम. त्यात अशी सोय होती की मूळ फोटो खाली तसाच राहायचा आणि वर दुसरं चित्र झाकणासारखं बसायचं. काकूंच्या नारळासाठी याहून सोयीचं काही नव्हतं. ही सगळी झाकणं प्लगिन स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. आणि नवी आवृत्ती बसवताना ते पहिलं काम करायचं ते म्हणजे आपलं जुनं फोल्डर साफ पुसायचं. हे सूचनेत तिसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं. मी दोन ओळी वाचल्या होत्या.

असं अपडेट कसं करायचं, हे आज मी माझ्या ऑफिसातल्या पोरांना घसा बसेपर्यंत सांगतो. आधी सगळ्याचा बॅकअप घ्या, फोटोंसकट. मग साईटची दुसरी प्रत करा आणि जे काय दिवे लावायचे ते तिच्यावर लावा. एका वेळी एकच प्लगिन. प्रत्येकाची सूचना शेवटपर्यंत वाचा. आणि गिऱ्हाईकाच्या कार्याच्या आदल्या दिवशी तर कशालाही हात लावू नका. मी त्या शनिवारी सकाळी साडेदहाला, दुसऱ्या दिवशी वधू-वर मेळावा असताना, चालू साईटवर अकराच्या अकरा प्लगिन्सवर एकदम खूण करून बटण दाबलं होतं. कारण काय, तर कोपऱ्यात लाल गोलात '११' असा आकडा दिसत होता आणि मला तो बघवत नव्हता.

"बॅकअप आहे ना?" वैजूताईंनी विचारलं. हा शब्द मीच त्यांना शिकवला होता.

"आहे."

"मग घाल की परत."

"माहितीचा आहे. फोटोंचा नाही. फोटो फार जड होतात, म्हणून..."

"म्हणून?"

"वगळले."

वैजूताईंनी समोरच्या डब्यातून चिवड्याचा एक बोकणा भरला आणि सावकाश चावला. मला त्या शिव्या देतील तर बरं असं वाटायला लागलं.

माझी अवस्था अशी होती की पुण्याच्या साहेबांनी आदल्याच महिन्यात मला तंबी दिली होती. एका दंतवैद्याच्या साईटवर मी त्याच्या आधीच्या-नंतरच्या फोटोंची अदलाबदल केली होती. लोकांना वाटलं, हा डॉक्टर चांगले दात पाडून किडके बसवतो. "अजून एक घोळ," साहेब म्हणाले होते, "आणि तू तासगावला वडिलांच्या दुकानात खिळे तोलायला मोकळा." काकू मेळाव्याच्या पुस्तिका आणायला कोल्हापूरला छापखान्यात गेल्या होत्या. पाच वाजेपर्यंत येणार होत्या. आल्या की पहिल्यांदा साईट बघणार होत्या.

"साईट बंद ठेवू," मी म्हणालो.

"आज पेपरात जाहिरात आलीय. मेळाव्याची नावनोंदणी संध्याकाळी सहापर्यंत आहे. बंद ठेवून काय, लोकांना थेट मांडवात बोलवायचं?"

"मग नुसते फोटो बंद करतो."

"फोटो नाही तर लोक काय बघून येणार? पत्रिका?"

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. कवठेमहांकाळचा कोणी तरी शिक्षक होता. त्याची बायको माहेरी गेली होती आणि सासऱ्याने फोन करून विचारलं होतं की जावईबापू, तुमचा विचार काय आहे. वैजूताईंनी त्यालाही पाच मिनिटं दिली.

"जमलेल्यांची यादी द्या," मी म्हणालो. "भराभर नारळ लावून टाकतो."

"यादी कसली?"

"म्हणजे रजिस्टर. कुणाचं जमलं, कुणाचं नाही."

"नारळ होता ना," त्या म्हणाल्या.

"हो, पण नारळाशिवाय कुठं लिहिलेलं असेल ना?"

"नारळ असताना वेगळं कशाला लिहायचं? काकू म्हणतात जमलेली लग्नं मोजू नयेत. दृष्ट लागते."

सहाशे चौतीस नावं होती. त्यातली लग्नं झालेली कुठली, हे जगात फक्त त्या नारळांना माहीत होतं, आणि नारळ मी पुसले होते. वैजूताईंनी पदर खोचला, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.

"चल. एक नंबरपासून घे."

"सहाशे चौतीस तुमच्या लक्षात आहेत?"

"आहेत का नाहीत ते बघू की. तू माऊस हलव."

आणि मग मी जे बघितलं ते मी पुढे कुठल्याच मशीनला करताना पाहिलेलं नाही. मी फोटो समोर आणायचा, त्या क्षणभर बघायच्या आणि निकाल द्यायच्या.

"जमलं. नारळ. जमलं, मिरजेत दिलीय, नारळ. हा नाही जमला, राहू दे. ही? हिचं जमलं, मोडलं, परत त्याच्याशीच जमलं. नारळ."

"त्याच्याशीच?"

"दुसरा होता तो याच्याहून कंजूष निघाला. पुढं घे."

"हा?"

"याचं जमणार नाही. आई बरोबर येते आणि पोहे खाऊन मार्क देते. राहू दे. ही जमली. आवाज गोड होता पोरीचा. ही जमली. हा आफ्रिकेत गेला, तिकडं कुणाशी तरी केलं म्हणे, पत्रिका आली नाही."

"मग नारळ?"

"पत्रिका नाही तर नारळ नाही. नियम म्हणजे नियम. पण फोटो काढून टाक त्याचा, उगाच कुणाची तरी पोरगी आफ्रिकेची स्वप्नं बघायची."

बारापर्यंत दीडशे झाले. मधूनच फोन यायचा, त्या उठून जायच्या, "आमच्याकडं तांत्रिक काम चालू आहे" असं एखाद्या अधिकाऱ्यासारखं सांगायच्या आणि परत यायच्या. तांत्रिक काम म्हणजे एक गाढव आणि एक नारळ, असं मला ऐकू येईल एवढ्या आवाजात पुटपुटायच्या.

एकदा काकूंचाच फोन आला. मी माऊसवरचा हात काढून घेतला.

"हो काकू. साईट का? छान चाललीय. अवधूत आलाय ना, तेच बघतोय. हो, नावं येतायत. तुम्ही सावकाश या. जेवून घ्या तिथंच." फोन ठेवून त्या माझ्यावर डाफरल्या, "माझ्याकडं काय बघतोयस? तोंडाला फेस आलाय का माझ्या? पुढचा घे."

"वैजूताई, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

"तुझ्यासाठी नाही. काकूंना रक्तदाब आहे."

दीड वाजता त्यांनी डबा उघडला. मला अर्धी भाकरी आणि दोडक्याची भाजी दिली. जेवतानाही त्या एका हाताने स्क्रीनकडे बोट करायच्या. "जमलं. जमलं. ही जमली, जुळे झाले." मी त्यांना विचारलं, इतक्या लोकांचं तुम्हाला कसं लक्षात राहतं. त्या म्हणाल्या, "प्रत्येकजण आत येतो तेव्हा घाबरलेला असतो. घाबरलेलं माणूस विसरता येत नाही."

मग लगेच म्हणाल्या, "तुझं नोंदवू का नाव? वय पंचवीस, शिक्षण आहे, अक्कल लग्नानंतर येईल असं लिहू."

खरं सांगायचं तर मला त्या दिवसापर्यंत वैजूताई म्हणजे काउंटरमागचा एक चष्मा आणि एक फटकळ तोंड एवढंच माहीत होतं. तीन वर्षं मी तिथे ये-जा करत होतो. त्या कुठे राहतात, घरी कोण असतं, काही विचारलं नव्हतं. गळ्यात काय आहे, हेही मी कधी पाहिलं नव्हतं.

साडेतीनला आम्ही तीनशे एक्याऐंशीवर आलो.

निळी साडी, गळ्यात मोत्यांची माळ, मागे स्टुडिओच्या पडद्यावर डोंगर आणि धबधबा. चष्मा नव्हता. मुलगी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, थोडं बाजूला बघत होती, आणि तिथे कोणी तरी काही मजेशीर बोललं असावं असं तिच्या तोंडावर होतं. मला ती ओळखीची वाटली आणि कोण ते कळेना. मग मी खालचं नाव वाचलं. कु. वैजयंता महादेव आवटी. वय तेहेतीस. बी. कॉम. अपेक्षा: माणूस बोलका असावा.

"नारळ," वैजूताई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"नारळ लाव म्हटलं ना."

"तुमचं जमलं होतं?"

"पुढं घे, अवधूत. अडीचशेच्या वर राहिलेत."

"नाही, पण पत्रिका?" मी म्हणालो. "पत्रिका नाही तर नारळ नाही, तुम्हीच सांगितलंत. आफ्रिकावाल्याला नाही लावला."

"तू फार बोलायला लागलायस."

"काकूंनी लावला का?" माझं डोकं भलत्याच दिशेने पळायला लागलं होतं. मला वाटलं, केंद्राचं सगळं काम ही बाई एकटी ओढते, तिचं लग्न झालं तर केंद्र कसं चालणार, म्हणून काकूंनीच हा उद्योग केला असणार. "काकूंनी मुद्दाम लावला ना? तुम्ही जाऊ नये म्हणून?"

"तोंड सांभाळ," वैजूताई एकदम कडक आवाजात म्हणाल्या. "काकूंनी सतरा स्थळं आणली माझ्यासाठी. चार वेळा स्वतः बरोबर आल्या. काकूंना काही बोलायचं नाही."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"मी लावला," त्या म्हणाल्या. "तेव्हा अल्बम होता. लोक समोर त्या बाकावर बसायचे आणि पानं उलटायचे. माझं पान आलं की फोटोकडं बघायचे, मग मान वर करून माझ्याकडं बघायचे. आणि मग पान उलटायचे. माझ्यासमोर. मी इकडं फॉर्म भरत बसलेली. कुणी वाईट नव्हतं रे. काहीजण तर हसायचे माझ्याकडं बघून, बिचारी म्हणून. तीन वर्षं सोसलं ते. एक दिवस काकू जेवायला गेल्या होत्या. कुणाची तरी पत्रिका आली होती, छान सोनेरी नारळ होता. कापला आणि लावला. त्या दिवसापासून मला शांत झोप लागायला लागली."

"आणि काकू?"

"काकूंनी पाहिला. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी भडंग आणलं, बस. मग साईट आली तेव्हा मी तो इथंही लावला."

मला फार वाईट वाटलं. सकाळपासून मी माझ्या नोकरीच्या नावाने गळा काढत होतो, आणि हिने सहा वर्षं झाकून ठेवलेलं मी दहा सेकंदांत सगळ्या जिल्ह्याला उघडं करून दाखवलं होतं. पाच तास तो फोटो साईटवर होता. आणि एवढा वेळ ती माझ्या शेजारी बसून, तीनशे एक्याऐंशी आपल्याकडे येतोय हे माहीत असून, बाकीच्यांना एकापाठोपाठ झाकत होती. आधी माझ्यावर लाव, असं म्हणाली नव्हती.

"वैजूताई," मी म्हणालो, "राहू दे ना. हा फोटो राहू दे तसाच."

"का?"

"छान आहे."

"छान होता तेव्हाही होता," त्या म्हणाल्या. "त्यानं काय झालं? आण इकडं माऊस."

त्यांनी माझ्या हातातून माऊस घेतला. एरवी सहज जमणारं ते आज त्यांना नीट जमत नव्हतं, दोनदा चुकीच्या जागी दाबलं, पण मी मदत केली नाही. तिसऱ्या वेळी नारळ बसला. निळी साडी गेली. त्यांनी माऊस माझ्याकडे सरकवला आणि आम्ही पुढचा फोटो घेतला, कुरुंदवाडचा एक कुस्तीगीर, जमलेला.

चार वाजून गेले असतील. जिन्यात पावलं वाजली आणि एक गृहस्थ दारात उभे राहिले. पंचेचाळीसच्या आसपासचे, इस्त्रीचा फिका शर्ट, खिशात दोन पेनं, एका हातात दुमडलेला पेपर आणि दुसऱ्या हातात मोबाईल. धापा टाकत होते.

"हे जाहिरातीतलंच केंद्र ना?"

"हेच," वैजूताई काउंटरमागे जाऊन बसल्या. फॉर्मचा गठ्ठा पुढे ओढला. "मेळाव्याची नोंदणी का? मुलासाठी, मुलीसाठी?"

"स्वतःसाठी," ते म्हणाले आणि कान लाल झाले. "म्हणजे मेळाव्यासाठी नाही. एका स्थळाची चौकशी होती. मी आष्ट्याहून आलो. पण एक गोंधळ झालाय हो. बसमध्ये बसलो तेव्हा फोटो होता. आत्ता खाली उतरून बघतो तर नारळ! पाऊण तासात जमलं का हो?"

मी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झालो.

"नोंदणी क्रमांक?" वैजूताईंनी विचारलं. पेन उघडलेलं होतं.

"तीनशे एक्याऐंशी."

पेन थांबलं. गृहस्थ मोबाईलकडे बघत होते, नारळावर बोट ठेवून तो हलतोय का ते पाहत होते. त्यांनी वैजूताईंकडे धड पाहिलंही नव्हतं. कचेरीतल्या बाईंकडे कोण पाहतं?

मग वैजूताईंनी माझ्याकडे बोट केलं.

"याची चूक आहे," त्या म्हणाल्या. "सकाळी यानं काहीतरी अपडेट केलं. तेव्हापासून कुणावरही नारळ पडायलेत."

"म्हणजे जमलेलं नाही?"

"नाही. जमलेलं नाही."

मी आयुष्यात कुठलाही आरोप इतक्या आनंदाने स्वीकारलेला नाही. "माझीच चूक, साहेब," मी म्हणालो. "सूचना वाचली नव्हती."

"वाचत जा हो," ते कळवळून म्हणाले. "माझा जीव गेला ना जिन्यात." रुमालाने कपाळ पुसून ते काउंटरजवळ सरकले. समोरच्या खुर्चीवर फायलींचा ढीग होता, म्हणून उभेच राहिले.

"नाव सांगा," वैजूताई म्हणाल्या.

"मल्लिकार्जुन कोरे. हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक आहे. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. आई आहे, तिला ऐकू कमी येतं. म्हणजे बोलायला तसं घरात कुणी नाही. आणि मी तर फार बोलतो, शाळेत मला सगळे चिडवतात त्यावरून. तिथं लिहिलंय ना, माणूस बोलका असावा. बाकी सगळीकडं पगार, फ्लॅट, गाडी. हे एकच असं वाचलं, म्हटलं फोन कशाला करायचा, जाऊनच येऊ. शनिवार आहे, शाळा सकाळची."

वैजूताई फॉर्मवर लिहीत होत्या. अक्षर रोजच्यापेक्षा जरा मोठं येत होतं.

"वय?"

"सेहेचाळीस. तेच जरा अडचणीचं आहे. त्यांचं तेहेतीस लिहिलंय. बसमध्ये सारखा हाच विचार करत होतो, की तेहेतीसच्या बाईंना मी कुठल्या तोंडानं विचारू. अर्ध्या वाटेत तर उतरून परत जाणार होतो."

"तेहेतीस जुनं आहे," वैजूताई म्हणाल्या. "आता बेचाळीस."

"खरंच? बरं झालं!" ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन ओशाळले. "म्हणजे बरं झालं असं नाही. पण बरं झालं. तुम्ही ओळखता त्यांना?"

"ओळखते."

"कशा आहेत?"

"तोंडानं फटकळ आहे. चष्मा लागलाय. दोडक्याची भाजी सोडली तर स्वयंपाक बेताचा." वैजूताईंनी खाली बघतच सांगितलं. मला मध्येच म्हणावंसं वाटलं की दोडक्याची भाजी मात्र अप्रतिम आहे, पण मी जीभ चावली.

"चालेल की," कोरे म्हणाले. "त्यांच्या घरचे कुणी? कुणाशी बोलावं लागेल?"

"कुणी नाही. तिच्याशीच बोलायचं."

"मग भेटता येईल का? म्हणजे त्यांची हरकत नसेल तर. उद्या, परवा, त्या म्हणतील तेव्हा. मी सुट्टी टाकेन."

वैजूताईंनी पेनाला टोपण लावलं. फॉर्म नीट बाजूला ठेवला. मग मान वर करून कोरेंकडे सरळ पाहिलं.

"भेटलात की," त्या म्हणाल्या.

कोरे तसेच उभे राहिले. आधी त्यांना काही कळलं नाही. मग कळलं, आणि पेपर हातातून काउंटरवर पडला. मला वाटलं आता हे जिन्याकडे बघणार. वैजूताईंनाही तेच वाटत असणार, कारण त्यांनी नजर फॉर्मच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवली होती.

एवढा बोलणारा माणूस, पण त्याला शब्द सापडेना. शेवटी कोरे वाकले, खुर्चीवरच्या फायली दोन्ही हातांनी उचलल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, ह्या जरा कुठं ठेवू? मला बसायचंय."